सर अहिराणी बोलतात

४ ऑगस्ट, धुळे
हे आज दवाखान्यातून घरी आले. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात गेला आणि बोलणंही. अख्खं आयुष्य शाळेत मराठी व्याकरण शिकवलं. आज चमच्याचं चित्र दाखवलं तर "च... च..." आणि डोळ्यांत पाणी. चित्रं उचलून कपाटात टाकली. आजच्यापुरतं पुरे.

७ ऑगस्ट
नितीनचे पुण्याहून रोज दोन फोन. आई, चित्रं दाखव. आई, पेपर वाचून दाखव. दाखवते रे. बाप नुसता बघत राहतो, ते तुला फोनवर दिसत नाही.

९ ऑगस्ट
दुपारी पोळ्या लाटत होते. खोलीतून आवाज, अगदी स्पष्ट, "माले पानी दे वं."
कोण आलं म्हणून धावले. हेच!
अहिराणी, आमची दोघांची लहानपणीची बोली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनीच मला बजावलं, घरात शुद्ध बोलायचं. माझी माय कापडण्याहून यायची, ती ह्यांच्यासमोर तोंड उघडायची नाही. चुकेल म्हणून. जावयाला 'आणखी भाकर घ्या' एवढंसुद्धा माझ्याकरवी सांगायची.
पाणी पाजलं. मला बघून म्हणाले, "कसाले रडी राह्यनी?"
का रडतेय, काय सांगू.

१० ऑगस्ट
नितीन म्हणतो, "बडबड आहे ती. तू उत्तर देऊ नकोस. मराठी यायची ती पण येणार नाही."
फोन ठेवला आणि पलंगावर बसून ह्यांना विचारलं, "तुमले गाव याद शे का?"
"बठ्ठं याद शे."
मग सगळंच आलं, विहीर, तांबडा बैल, मोठ्या भावाने झाडावरून ढकललं ते. शब्द अडत होते, पण येत होते. हे भावाबद्दल माझ्याशी कधी बोललेच नव्हते. मीही किती वर्षांनी माझ्या भाषेत बोलले. सुरुवातीला जीभ लाजली.

१४ ऑगस्ट
वाचा-उपचाराच्या तहसीन मॅडम घरी आल्या. वयाने माझ्या मुलीसारख्या. घाबरतच सांगितलं, रागावतील वाटलं. त्या तर खुर्ची ओढून जवळ बसल्या.
म्हणाल्या, "मेंदूला मार बसला की सगळ्या भाषा सारख्या परत येत नाहीत, काकू. कुणाची लहानपणीची आधी येते, कुणाची नंतर शिकलेली. असं का, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. जी आलीय, ती धरून ठेवायची."
मी विचारलं, मराठी येईल?
"येईलही. खात्री देत नाही."
बरं वाटलं. खोटं तरी बोलल्या नाहीत.

१९ ऑगस्ट
ह्यांच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक भेटायला आले. हे खुशीत, "या, बठा, बठा." त्यांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, लोकांना भेटू देऊ नका सध्या. सरांची इतकी वर्षांची प्रतिमा आहे."
म्हटलं, "भाऊ, प्रतिमेला तहान लागत नाही. ह्यांना लागते, आणि ते आता मागू शकतात."
चहा तसाच टाकून गेले. मी दार उघडंच ठेवलं. संध्याकाळी ह्यांना दारापुढच्या ओट्यावर बसवलं, अगदी रस्त्यालगत. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलू देत. भाजीवालीशी तर हसले!

२१ ऑगस्ट
नितीन रविवारी गाडी घेऊन येतोय. पुण्याला मोठा दवाखाना, तिथे फक्त मराठी नाहीतर इंग्रजी. "आई, ठरलंय."
कुणी ठरवलं? ह्यांना विचारलं का? मला?
तिकडे ह्यांच्याशी बोलणार कोण, भिंती?

२४ ऑगस्ट, रविवार
आला. ह्यांनी डाव्या हाताने जवळ बोलावलं. "बठ आठे. जेवना का?"
नितीनने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? गल्लीतल्या पोरांबरोबर ओट्याखाली खेळताना ऐकलेलं आहेस सगळं. उत्तर दे."
तो पलंगाच्या कडेला टेकला. मग, "मी... जेवलो शे."
ह्यांनी पलंगावर हात आपटला. "जेवनू! मी जेवनू!"
वर्गातला आवाज, जसाच्या तसा. नितीन दचकला आणि नीट मांडी घालून बसला. "जेवनू," म्हणाला. ह्यांनी मान हलवून पुन्हा म्हणायला लावलं.
पुण्याचं अजून बोलणं झालेलं नाही. गाडी दारात उभी आहे. मी ह्यांचे कपडे भरलेले नाहीत, आणि भरणार नाही.