काचेच्या पेटीतली स्प्रिंग

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (खुर्चीतूनच घातलाय, कारण इथल्या खुर्च्या पोत्यासारख्या आहेत आणि एकदा बसलं की उठवायला दोघं लागतात). तुमचा गुडघा कसा आहे? लेथसमोर उभं राहणं कमी केलंत का? केलं नसणारच. मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल. दीड वर्षात चार ओळी लिहिल्या नाहीत म्हणून रागावला असाल, तर खुशाल रागवा. फोन करणार होतो, पण धीर झाला नाही. आधी हकीकत ऐका.

तुमचं वर्कशॉप सोडून मी या नवउद्योग केंद्रात आलो, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, तिथे नेमकं देतात काय? तर परिसंस्था देतात. हा शब्द मी शाळेत तळ्यातल्या बेडकांच्या धड्यात शिकलो होतो. इथे त्याचा अर्थ असा, की एका छताखाली मार्गदर्शक, गुंतवणूकदार, वकील आणि कॉफीचं यंत्र असतं आणि त्यांच्या सहवासाने आपला धंदा वाढतो. कॉफीचं यंत्र खरंच कामाचं आहे. पहिल्या दिवशी मी व्हाइस आणि कानस ठेवायला जागा मागितली, तर व्यवस्थापिकाबाई दचकल्या. इथे नवनिर्मिती चालते, आवाज चालत नाही. शिवाय गालिच्यात लोखंडाचा कीस अडकतो. म्हणून मी जिन्याखाली, झाडू आणि बादल्यांच्या संगतीत बसून कानस चालवतो.

माझा जोड तुम्हाला ठाऊकच आहे: शिलाई मशीनवर बसवायचा, धागा तुटला की मशीन आपसूक थांबतं. (मी तो बनवला तेव्हा तुम्ही शेजारीच होतात, आठवत असेल.) मागच्या गल्लीतल्या शिवणकारखान्यात मुकादमबाईंच्या मशीनवर तो तीन महिने बिनतक्रार चालला. बाई खूश. चाळीस मशीनना बसवून द्या म्हणाल्या. माझं नशीब उघडलं असं तुम्हाला वाटेल, पण मार्गदर्शकांना तसं वाटलं नाही. त्यातल्या एकाने जन्मात एकच धंदा केला, तो बुडवला, आणि आता तो कसा बुडवला यावर व्याख्यानं देतो. (हा धंदा मात्र जोरात आहे.) तो म्हणाला, चाळीस म्हणजे फारच छोटा विचार झाला. दुसऱ्या मार्गदर्शकबाईंनी सुचवलं, की धागा तुटल्याचं मालकाला मोबाइलवर कळलं पाहिजे. (कळून मालक काय करणार? घरून येऊन सुईत दोरा ओवणार?) मग सहा महिने मी नुसती सादरीकरणं केली. तीन मिनिटं झाली की घंटा वाजते. जोड कसा चालतो हे तिथे कोणी विचारत नाही. पाच वर्षांनी तो किती देशांत असेल ते सांगायचं असतं. मी वर चढत जाणारी एक रेघ काढली. ती कसली आहे ते मला आजही माहीत नाही. टाळ्या पडल्या, आणि पहिलं बक्षीस मिळालं.

बक्षिसानेच घात केला. विजेत्याची वस्तू दर्शनी दालनात मांडायची इथे रीत आहे, म्हणून मी स्वतः जाऊन मुकादमबाईंच्या मशीनवरून तो एकुलता एक चालणारा जोड काढून आणला. (नवा करायला असा कितीसा वेळ लागतो, असं वाटलं. मीच तो शहाणा.) काचेची पेटी आली, फीत कापली, पेटीला सील लागलं. आता ती उघडायची तर समितीचा ठराव लागतो आणि समिती बसते वर्षातून एकदा. मी रोज काचेला नाक लावून जोडातल्या स्प्रिंगचे वेढे मोजतो, जिन्याखाली येऊन नव्या तारेला तेवढेच वेढे देतो, आणि दुसऱ्या दिवशी ती तटकन तुटते. आजवर सतरा तुटल्या. परवा मुकादमबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "भाऊ, ते देशबिश राहू द्या. टिकणारी स्प्रिंग महिनाअखेरपर्यंत आणा, नाहीतर मी दुसरीकडून माल मागवते." मी मार्गदर्शकांकडे धावलो. चौघांनी मिळून भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, अपयशाचं स्वागत करायला सांगितलं आणि जेवायला गेले. मामा, मला इतकी चीड आली की त्याच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एवढ्या मोठ्या परिसंस्थेत धड तार वाकवता येणारा एक माणूस नाही, आणि न येणाऱ्यांत मीही आलोच.

बाकी ठीक. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. ती पहिली स्प्रिंग तुम्ही वाकवली होतीत. तार आधी तापवलीत की वेढे दिल्यावर, एवढं उलट टपाली कळवा. मी तेव्हा फोनवर बोलत होतो, लक्ष नव्हतं. जमलं तर स्वतःच या. जिन्याखाली दोघांपुरती जागा होईल.

पुन्हा ता. क. आलात तर पुढच्या दाराने येऊ नका, मागून या. पेटीखालच्या पाटीवर एकट्या माझं नाव आहे. त्यात केंद्राची काही चूक नाही. अर्जात ‘आणखी कोणाचा हातभार?’ असा रकाना होता, आणि त्यात मी सुवाच्य अक्षरात ‘लागू नाही’ असं लिहिलं.