मध कावून चाटू दिला न्हाई

आष्टी, १४ मे

मंगलआक्का,

धाकट्या भावजयीचा पाया पडून नमस्कार. रागात असलात तरी घ्या.

आमी ऊस तोडून कारखान्यावरून आलो. तुमच्या भावाची पाठ आता बरी हाय. सायली कोंबड्यांच्या मागं घरभर पळती. लई हट्टी निघाली. आत्यावर गेली, दुसरं काय!

फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन उचलायच्या आधी स्पीकर लागतो. म्हणून लिहिते.

बारशाला तुमी पोरीला मध चाटवायला बोट पुढं केलं आन मी चार बायांत तुमचा हात झटकला. आत्याचा मान व्हता तो. तुमी न जेवता निघून गेलतात, त्याला दीड वरीस झालं. पण तवा दुसऱ्या कुणी बोट पुढं केलं असतं तरी मी झटकलंच असतं, आक्का. कावून, ते ऐका.

पोटुशी असताना माझं रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. मंग तुमच्या भावाचं तपासलं. त्यांना बी हाय. कुणाकडून कुणाला आला हे उकरायचं न्हाई, असं आमी दोघांनी ठरवलंय. तुमी बी उकरू नका.

मी लई रडले. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणल्या, "रडून झालं की गोळी घे. रोज न चुकता घेतलीस तर लेकराला बहुतेक लागत न्हाई." ऊस तोडायला गेलो तवा बी पिठाच्या डब्यात गोळ्या होत्या. पोरीला औषध पाजायचे, बारशाआधी तुमी विचारलं तर मी म्हणले ताकदीचं हाय. ते ह्याचंच होतं. आन पहिले सहा महिने निस्तं अंगावरचं दूध. घुटी न्हाई, पाणी न्हाई, मध न्हाई. दुधासंगं वरचं काई गेलं की कोवळ्या आतड्यातून रोग शिरायची भीती जास्त. तुमच्या बोटात काई वाईट नव्हतं.

काल शेवटच्या तपासणीचा निकाल आला. सायलीला काई न्हाई. काईच न्हाई, आक्का! सिस्टरनी दोनदा सांगितलं, तरी मी परत विचारलं. तुमचे भाऊ दवाखान्याच्या दारातच हमसून हमसून रडले.

आता या. जवळ बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे लागत न्हाई. तरी भ्या वाटलं तर मला लांब ठेवा, पोरीला तेवढं मांडीवर घ्या.

न्हाई, खोटं लिहिलं. मला बी जवळ बसवा.

अजून तुमचीच,
वर्षाराणी