मेल्हेम खांबावरून पडला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप अफीफाताई,

धाकट्या फदलोचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर मिळून तीन मुके. गुडघे कसे आहेत? खाली बैरूतला नुसता पाऊसच झाला म्हणे. इथे डोंगरात तीन दिवस बर्फ कोसळत होतं. आम्ही सुखरूप आहोत. (हा शब्द वाचून तुझी भावजय मुंतहा हसली. ती माझ्याशी धड बोलत मात्र नाही.)

पहिल्याच दिवशी वरच्या वळणावर तार तुटली आणि आपलं घर व शेजारच्या जिर्जिसचं, अशी दोनच घरं अंधारात गेली. मी काय डगमगणारा माणूस? जनरेटर तळघरात लावला, कारण बाहेर बिचारा गारठला असता. तासाभरात माझं डोकं ठणकायला लागलं, मुंतहाला ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि पिंजऱ्यातला पक्षी दांडीवरून टपकन पडला तो उठलाच नाही. मी म्हटलं, म्हातारा झाला होता. ती म्हणाली, "तुम्हीही झालायत. आधी ते यंत्र बाहेर काढा!" मग अंगणात नेलं, दोन्ही टोकांना पिना बसवलेली वायर केली, एक टोक यंत्राला, दुसरं स्वयंपाकघरातल्या प्लगला, की सगळं घर लख्ख! मुंतहा मेन स्विच बंद करा म्हणून मागे लागली होती. पण तो जिन्याखाली, आणि तिथे घोटाभर पाणी. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावू नये एवढी अक्कल मला आहे. (तेवढीच आहे, हे नंतर कळलं.)

चौथ्या दिवशी सकाळी वायरमन मेल्हेम (तुझ्या हातची खीर मागून खाणारा) तार जोडायला खांबावर चढला. वरून वीज बंद केलेली होती, पण खालून कुणाच्या तरी घरातली उलटी चढली. तो बर्फात पडला म्हणून जीव वाचला. दोन्ही हात भाजले, दोन बोटं कापावी लागली. आता घरं दोन, जनरेटरही दोन. गाव म्हणालं, जिर्जिस! मीही मान डोलावली. तेव्हापासून त्याच्या दारात कुणी फिरकत नाही, आणि रविवारी चर्चमध्ये त्याचा बाक रिकामा होता.

तुझा,
फदलो

ता. क. – जिर्जिसच्या यंत्रात दुसऱ्या दिवसापासून पेट्रोलच नव्हतं. माझ्याकडे मागायला आला होता, मी दिलं नाही.

ता. क. २ – चढण्याआधी मेल्हेमने फोन केला होता. "काका, घरात जनरेटर चालू नाही ना?" मी म्हटलं, "घरात नाही, अंगणात आहे." 'नाही' एवढंच त्याला ऐकू गेलं आणि फोन कटला. मी पुन्हा लावला नाही. चहा निवत होता.

ता. क. ३ – तो तुझ्याच भागातल्या इस्पितळात आहे. जा. त्याला कागद धरता येणार नाही, म्हणून हे तूच वाचून दाखव, जिर्जिसबद्दलचं गाळू नकोस. तो काय म्हणेल ते शिव्यांसकट कळव. मी जिर्जिसकडे निघालोय. मुंतहा म्हणते, आधी त्याच्याकडे जा, मग पत्र टाका. मी आधी पत्र टाकतोय. नाहीतर त्याच्या दारातून परत फिरेन.