प्रक्षिप्त ओळ

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं आणि आईचं पत्र एकाच पाकिटात मिळालं. आईचं आधी वाचलं, राग मानू नकोस. तिचा 'थोडा अशक्तपणा' अजून गेला नाही म्हणतेस, पण पत्रावरून तरी तिची जीभ चांगली खणखणीत दिसते.

तू विचारलंस की वर्षभर संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी नेमकं करतो काय. प्राचीन ज्यू लोकांचे तीनशेवर ग्रंथ आमच्या यादीत आहेत, काही धड, काही फाटके. प्रत्येकासाठी एक लांबलचक फॉर्म भरायचा. मजकूर सुरू कसा होतो, गोष्ट आहे, नियम आहेत की प्रार्थना, आणि बोलतंय कोण. हा शेवटचा रकाना माझा. काही ग्रंथांत एखादा म्हातारा पूर्वज मुलांना उशापाशी बोलावतो आणि आता मी जातो म्हणून शेवटचं सांगतो. खरं तर त्याला जाऊन शेकडो वर्षं झालेली असतात आणि लिहिणारा भलताच कुणी असतो. तरी फॉर्मवर 'मी' म्हणणाऱ्याचंच नाव टाकायचं. मात्र मध्येच आवाज बदलला, की तिथे दुसरा हात लागलाय अशी खूण करायची. मागून घुसवलेल्या ओळीला प्रक्षिप्त म्हणतात. तू शिवतेस आणि मी उसवून बघतो, एवढाच आपल्यात फरक.

यादी ऑगस्टमध्ये छापायला जाईल. तोवर हलता येणार नाही, आईला तसं सांग.

लोभ आहेच, तो माझ्या आळसासकट सांभाळावा.

तुझा,
पंडित


१९ मार्च

चि. पंडितास अनेक उत्तम आशीर्वाद.

माझे डोळे कामातून गेलेले, म्हणून नेहमीसारखी मी सांगते आणि ताई लिहिते. तेवढा वेळ तिच्या मशीनची टकटक बंद, शेजाऱ्यांना आराम.

पंडिता, गेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कुणी लिहितो आणि तू त्याला शोधतोस, हे ऐकून हसू आलं. शोध बाबा. तुझे वडील हयातीत स्वतःच्या नावावरसुद्धा चार ओळी लिहिते झाले नाहीत, ते कुठल्या रकान्यात बसतात ते कळव, कळलं ना. समोरच्या बाईंनी झगा तिसऱ्यांदा सैल करायला आणला आणि कापड आटलं म्हणून ताईवरच डाफरल्या. खिडकीतल्या कुंडीला कळी आलीय. तू मोजे धुतोस का? ज्याला स्वतःच्या मोज्यांची जोडी लावता येत नाही त्याने जगाची वर्गवारी करू नये, कळलं ना.

काम अर्धवट टाकून धावत यायची गरज नाही. यादी पुरी कर, मग ये, निवांत बोलू.

ये. भीती वाटते.

तुझी आई


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव, हसेल ती.

ताई, तू पकडली गेलीस. आईच्या पत्रातली शेवटची ओळ तुझी आहे. आईचं वाक्य कसं असतं, हे मी झोपेतही सांगेन. ते लांब असतं, त्यात कुणाची तरी खोडी असते आणि शेपटाला 'कळलं ना' असतं. तुझ्या ओळीत 'पंडित' नाही, खोडी नाही, काहीच नाही. आणि जिने मागे एका पत्रात भूल न घेता दाढ काढून घेतल्याचं मिरवलं, ती आई भीती वाटते म्हणेल? शिवाय वरच्याच ओळीत ती येऊ नकोस म्हणते. मला बोलावण्यासाठी तिच्या तोंडी शब्द घालायची गरज नव्हती, स्वतःच्या नावाने लिहायचंस.

आमच्या टेबलावर पत्र ठेवलं आणि कुठली ओळ परक्या हातची ते ओळखा म्हटलं. सगळ्यांनी एका क्षणात बोट ठेवलं. थोरले सर म्हणाले, इतकं स्वच्छ उदाहरण ग्रंथांत मिळत नाही. ती ओळ कापून फळ्यावर लावलीय. तेव्हा मी मूळ मजकूर प्रमाण मानतो आणि ऑगस्टनंतर येतो.

थट्टा पोटात घालावी आणि जागा ठेवावी.

तुझा,
पंडित


१६ एप्रिल

चि. पंडितास आशीर्वाद.

माझी तार तुला मिळाल्याचं कळलं. आई बारा तारखेला दुपारी गेली. तू कधी पोचतोस ते लिहिलं नाहीस, आता घाईही नाही.

गेल्या मे महिन्यात तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. तू नुकता रुजू झाला होतास, म्हणून तुला अशक्तपणा लिहिलं. पुढच्या महिन्यात खरं लिहीन म्हणत वर्ष घालवलं. हे पाप माझं, त्यात तुझा वाटा नाही.

तेव्हापासूनची आईची सगळी पत्रं मी लिहिली. दाढ, मोजे, वडील, कळलं ना, सगळं माझं. चाळीस वर्षं तिच्या शेजारी बसून मशीन चालवलंय, तिचं बोलणं मला येतं. काम टाकून येऊ नकोस हेही मीच लिहिलं, कारण धडधाकट असती तर ती तेच म्हणाली असती. मग रीतीप्रमाणे तिला पत्र वाचून दाखवलं. एरवी ती डावा हात हलवून होकार द्यायची. त्या दिवशी तिने माझं मनगट धरलं आणि बोलायला लागली. तीन शब्दांना अर्धा तास लागला. घामाने उशी भिजली. त्या शब्दांना नटवायचं माझ्या जिवावर आलं, जसे आले तसे उतरवले. बाकीचा कागद फाडून टाकायला हवा होता, ते सुचलं नाही.

तुझं पत्र आठ तारखेला आलं. मोठ्याने वाच म्हणाला होतास, मी पुढचं न बघता वाचायला घेतलं. थांबले तर ती खूण करायची, वाच म्हणून. सगळं ऐकलं तिने. हसली नाही. त्यानंतर चार दिवस तिने एक शब्दही काढायचा प्रयत्न केला नाही.

आवाज बदलला तिथे हात बदलला, हे तू अचूक हेरलंस रे. तुझ्या सरांनाही सांग, त्यांचं बोट योग्य जागी होतं. तो हात आईचा होता.

वर्षभरातलं तिचं म्हणून तुझ्याकडे तेवढंच आहे. फळ्यावरून काढ.

लोभ ठेव असं लिहायला आज हात उचलत नाही.

ताई