बिगुलरचा बिझी आठवडा

११ जानेवारी, रविवार
पहाटे पाचला लटारूचा मिस्ड कॉल. उठलो. रोजचंच आहे. पलटणीत मी बिगुलर, तो लंगरातला स्वयंपाकी. अख्खी पलटण माझ्या बिगुलावर उठायची आणि मला उठवायला लटारू चहाचा मग घेऊन यायचा. दोघंही कधीचे रिटायर झालो, पण बेट्याची सवय जात नाही. चहा बंद, मिस्ड कॉल चालू.
चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, पुढच्या रविवारी उपासनेच्या सुरुवातीला बिगुल वाजवाल का. हो म्हटलं. बुधवारी माजी सैनिक दिन, तिथे शहिदांना निरोप द्यायची धून, लास्ट पोस्ट, मीच वाजवणार. शनिवारी सावली गावाकडच्या गढीवर इंग्रजांशी झालेल्या लढाईचा जिवंत देखावा आहे, त्यातही बिगुल माझाच. अख्ख्या चंद्रपुरात दुसरा बिगुलर दाखवा! माणसाने रिटायर झाल्यावर असं बिझी राहावं.
नवीन दात अजून सेट व्हायचे आहेत. शिबिरातले आहेत, वर-खाली दोन्ही. डॉक्टर म्हणाले होते पंधरा दिवस लागतील. ते मागच्या पोळ्याला म्हणाले होते.
संकल्प: रोज एक तास सराव.
सराव: आज नाही. विश्रांतीचा दिवस. शास्त्रातच आहे.

१२ जानेवारी, सोमवार
पाचला मिस्ड कॉल.
सराव केला. चर्चच्या मागच्या खोलीत, दार लावून. थंडीने पितळ आखडलं आहे. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा आवाज निघाला. दात घालून फुंकलं की खालची कवळी बिगुलात शिरते, दात काढून फुंकलं की ओठ आत जातात. टेक्निकल प्रॉब्लेम आहे, सुटेल.
दुपारी बुधरीचा फोन. लटारूची पोरगी, पोंभुर्ण्याच्या पुढे गावात त्याच्याजवळच राहते. म्हणे, काका, बाबाची तब्येत लय खराब हाये, जेवण नाई घेऊन राह्यले, तुमचंच नाव काढून राह्यले, एकडाव येऊन जा न. म्हटलं, येतो ना बेटा. हा आठवडा तेवढा जाऊ दे.
जायचं तर आहेच. पण रिकामं जाऊन चालणार नाही. लटारूने माझ्याकडून वचन घेतलं आहे, तो गेला की लास्ट पोस्ट मीच वाजवायचा. दिवाळीत फोनवर म्हणाला, मेल्यावर मले का ऐकू येते बे, जिता हावो तवाच वाजवून टाक न. हवालदाराला बे म्हणतो, लंगरवाला असून! तेव्हा जाईन तर एकदम कडक सूर घेऊनच जाईन. त्याची निराशा करणं मला जमणार नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
पाचला मिस्ड कॉल. उलट फोन करणार होतो. पण सकाळी सकाळी आजारी माणसाला त्रास कशाला.
देखाव्याच्या मंडळाचा कुलदीप आला, रोल सांगायला. मी किल्लेदाराची तयारी ठेवली होती, मिशीसकट. कुलदीप म्हणाला, काका तुम्ही चर्चवाले न, म्हणून तुम्हाले इंग्रजात ठेवलं. इंग्रजांचा बिगुलर. लाल कोट मिळन. मी म्हटलं, अरे मी भारताच्या फौजेत नोकरी केली, माझा बाप मूल गावचा, आजा मूलचा, मी कुठला इंग्रज? तो म्हणाला, हाव न काका, म्हणूनच तं डिसिप्लिन दिसन.
शांतपणे विचार केला तर मुख्य रोल हाच आहे. बिगुल वाजल्याशिवाय लढाई सुरूच होत नाही.
हिने विचारलं, पोंभुर्ण्याले कधी जाता. म्हटलं, गुरुवारी नक्की. ही म्हणाली, आजच जा न जी. म्हटलं, संध्याकाळी त्या रस्त्यावर वाघ असतो. ही म्हणाली, बस तं दोनची हाये. बायकांना वाघाचं गांभीर्यच नाही.
सराव: वेळ मिळाला नाही.

१४ जानेवारी, बुधवार
माजी सैनिक दिन. कार्यक्रम जोरात. बिगुल ऐनवेळी रद्द केला. अध्यक्ष सुभेदार वामनरावांना सांगितलं, व्हॉल्व्ह जाम झाला आहे. त्यांची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली, बिगुलाला व्हॉल्व्ह नसतो हे त्यांना काय माहीत. बदल्यात भाषण केलं. विषय: जवान जवानाला एकटं सोडत नाही. कडकडून टाळ्या. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.
तिळगुळाला वरची कवळी चिकटून बाहेर आली. रुमालात धरली. कोणाच्या लक्षात आलं नसावं.
सभेत बुधरीचे दोन फोन आले. उचलणं बरं दिसलं नसतं. तिने मग हिला केला. घरी आल्यावर ही सांगू लागली, लटारूभाऊचा निरोप हाये, ऐकून तं घ्या. मी भाषणाचे फोटो ग्रुपवर टाकत होतो. म्हटलं, नंतर सांग.

१५ जानेवारी, गुरुवार
मिस्ड कॉल आज साडेपाचला, तोही अर्धी रिंग. लटारूची शिस्त बिघडत चालली आहे.
पोंभुर्ण्याला निघायचं म्हणून बिगुल पॉलिश केला. चेहरा दिसतो त्यात. मग आठवलं, चर्चच्या भेट समितीची मीटिंग. आजाऱ्यांच्या घरी जाऊन भेटणारी समिती, अध्यक्ष मी. अध्यक्षच नाही तर कसं व्हायचं? ठराव झाला: आजारी माणसाच्या भेटीला उशीर करू नये. मीच मांडला, सर्वानुमते मंजूर. चर्चा मात्र लांबली. दोनची बस गेली.
ही बोलत नाही. तिचंही काहीतरी दुखत असेल.

१६ जानेवारी, शुक्रवार
मिस्ड कॉल: एकदाच टिंग. पण आला.
गढीवर तालीम. कुलदीप म्हणाला, काका, बिगुल आम्ही डीजेवर लावून राह्यलो, तुम्ही फक्त तोंडाले लावजा. आधी अपमान वाटला, फार वाटला. मग म्हटलं बरंच झालं, दातांना आराम.
आता प्लॅन पक्का. उद्या देखावा संपला की मूलला उतरायचं, तिथून पोंभुर्णा, रात्री लटारूकडे मुक्काम. लाल कोटातच जाईन. हसेल बेटा. हसण्याच्या नादात बिगुलाचं विसरेलही.

१७ जानेवारी, शनिवार
सकाळी सव्वासात. मिस्ड कॉलच आला नाही! जाग आली नाही, पहिली बस गेली. या माणसावर भरवसा ठेवायची सोय राहिली नाही. संध्याकाळी भेटला की चांगला झापतो.

नंतर. बसमध्ये.
देखावा झाला. कोट बगलेत फाटला. तटावर उभा राहिलो, बिगुल तोंडाला लावला, गाल फुगवले. डीजे चालूच होईना. फुगवून किती वेळ राहणार? बिगुल खाली घेतला आणि तेवढ्यात रेकॉर्डिंग सुरू झालं. मैदानभर लोक हसले. इंग्रजही हसले. किल्लेदार हसत हसत मेला. घाईने पुन्हा तोंडाला लावायला गेलो तर खालची कवळी तटावरून खाली पडली. ती शोधायला लढाई थांबवली.
तरी लोकांनी मलाच पाहिलं, हे मान्य करावं लागेल.
फोन पिशवीत होता. आता काढून पाहिला. बुधरीचे कॉल, ओळीने. शेवटी हिचा मेसेज.
लटारू गेला. पहाटे, पाचच्या आधी.

१८ जानेवारी, रविवार
चर्चला गेलो नाही. काल मूलला उतरलो नाही, का ते माहीत नाही. आज हिच्यासोबत गेलो. त्यांनी माती माझ्यासाठी थांबवली होती. गाव हात जोडून, जोहार म्हणत बाजूला सरलं, मला वाट दिली.
बिगुल नेला होता. पुढे झालो. सावधान. दात दाबून बसवले. फुंकलं. हवा. पुन्हा फुंकलं. हवाच. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गावात कुठेतरी कोंबडा आरवला.
बुधरीने हात धरून बिगुल खाली केला. म्हणाली, राहू द्या न काका. बाबाले मालूम होतं. तुमचे दात गेले तवाच म्हणे, आता त्याच्यानं फुकणं होत नाई, म्हणून लाजून राह्यला अन् येऊन नाई राह्यला. बुधवारी तोच तं निरोप दिला होता काकूपाशी. बिगुल घरीच ठेव म्हणा, खाली हातानं ये, चहा मी मांडतो.
हिला विचारलं, सांगितलं का नाहीस. ही म्हणाली, सांगून राह्यली होती न जी. तुम्ही म्हणले, नंतर सांग.
म्हटलं, नीट सांगायला पाहिजे होतं. बुधरीने चहा दिला. पिववला नाही.

१९ जानेवारी, सोमवार
पाळकसाहेबांचा फोन, भेट समितीचा अहवाल हवा आहे. म्हटलं, या आठवड्यात भेटी झाल्या नाहीत. कारण विचारलं. बिझी होतो म्हटलं.
लटारूची फार आठवण येते.
पाचला आपोआपच जाग आली होती. फोन हातात धरून पडून राहिलो. उजाडलं तरी पडूनच होतो. शेवटी ही चहा घेऊन आली, म्हणाली, उठा आता.
सराव: नाही.