कोपऱ्यातलं पोतं आणि लेकीच्या गोळ्या

माय, तू जाऊन वीस वर्सं झाली, तरी मागं लातूरच्या दवाखान्यात तुझाच आवाज कानात घुमत होता. मला पाळी आली की तू कोपऱ्यात पोत्यावर बसवायचीस. पोट धरून लोळले की चुलीजवळची गरम वीट फडक्यात गुंडाळून द्यायचीस, वरून म्हणायचीस, "बाईच्या जातीला दुखतंच. लई नाटकं करू नको." तेच मी माझ्या लेकीला ऐकवलं. तुझी शाळा लई पक्की बघ.

पोरगी कॉलेजात चक्कर येऊन पडली, तवा कळालं. डाक्टरीणबाई म्हणल्या, पाळीसारखं रगत अंडाशयात साचून गाठ झालीय, चॉकलेट सिस्ट म्हणतात. मी म्हणलं, "गोड नाव ठिवलंय बाई दुखण्याला!" पोट फाडलं न्हाई. बेंबीतून दुर्बीण, बारीक तीन भोकं, तिसऱ्या दिवशी पोरगी घरी, देवणीला यायच्या गाडीत. मग रोज एक गोळी. तिनं पाळी थांबती, गाठ सहसा परत धरत न्हाई.

इथंच माझी अक्कल चरायला गेली. आपल्याकडं कोण कवा पोत्यावर बसलं, गल्लीला पाठ असतंय. तीन महिन्यांनी शेजारीण विरजण मागायच्या निमित्तानं आली. "काय वं, लेक बाजूला बसंना का?" बिनलग्नाची पोर, त्यात तुझा जावई कवाच गेलेला. अख्ख्या गावाची टर उडवणारी तुझी लेक एका बाईच्या वर गेलेल्या भुवईला भ्याली, माय. पोरीला सांगितलं, "डाक्टरीणबाईचा फोन आल्ता. गोळ्या बस म्हणल्या."

वर्साच्या आत गाठ परत आली, पहिलीपेक्षा मोठी. परत दुर्बीण. मी बाहेर बाकावर बसून देवाला न्हाई, तुलाच शिव्या घालत होते. डाक्टरीणबाई आल्या, "अंडाशय वाचलंय. आता गोळ्या मनानं बंद करू नका." पोरगी शुद्धीवर येऊन म्हणली, "आई, माझ्याच नशिबात का गं हे?" मी नुसता केसावरून हात फिरवला.

आता ती ठणठणीत हाय. परवा शेजारीण पुन्हा आली, तेच विरजण, तीच भुवई. मी म्हणलं, "तुमीच बसा की पोत्यावर, जागा रिकामीच हाय!" विरजण इसरूनच गेली. ते पोतं मी दारात पाय पुसायला टाकलंय. पुस तूबी.

तुझ्याकडं धाडायला पत्ता न्हाई. ही चिठ्ठी लेकीच्या गोळ्यांच्या डब्यात ठिवायलेय, सकाळी तो तीच उघडती. फोन आलाच नव्हता, हे तिला तोंडानं सांगायला मी अजून भितेय.