तारघराचं दार

३ मार्च
पोचलो बुवा एकदाचा! बोटीत सगळे ओकत होते, मी मात्र बायकोनं, मिकेलानं बांधून दिलेला वांग्याचा पाव खाल्ला आणि वर दोन संत्री. मार्तोरा बेट एवढंसं आहे की धक्क्यावर कुणी शिंकलं तर चर्चमधून पाद्रीबाबा आशीर्वाद देतील. तारघर धक्क्याच्या टोकाला आहे. पांढऱ्या भिंती, निळं दार, मागच्या अंगणात दोन लोखंडी झाकणं. एका झाकणाखालून आफ्रिकेची केबल वर येते, दुसऱ्याखालून सिसिलीची समुद्रात उतरते, आणि दोघींची गाठ माझ्या खोलीतल्या कपाटात पडते. दोन देशांच्या गप्पा, भांडणं, लग्नाचे फोटो सगळं माझ्या कोपराला लागून जातं आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही. यापेक्षा बरी नोकरी कुठे असेल?

एकोणीसला सान जुझेप्पेचा, येशूच्या पित्याचा सण. त्याच दिवशी मिकेला आणि आमची लेक नीन्फा इथे राहायला येणार. तोवर केबल कंपनीच्या बेल्लोमोसाहेबांची मर्जी सांभाळली की वरच्या मजल्यावरचं घर आमचं.

५ मार्च
कालोजेरोकाकांनी काम शिकवलं. माझ्या जागी आधी तेच होते, आता धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. केबलीच्या आत काचेचे केसाएवढे तंतू असतात, त्यातला एक इथल्या यंत्राला जोडलाय. समुद्राच्या तळाशी कुठेही हादरा बसला की पडद्यावरची रेघ थरथरते, हादरा किती किलोमीटरवर आहे ते दिसतं, आणि कानाला यंत्र लावलं की ऐकूही येतं. नांगर किंवा मोठं जाळं केबलीवर येताना दिसलं तर साहेबांना फोन करायचा. बाकी सगळं ऐकून सोडून द्यायचं, नोंदवहीत लिहायचं नाही. हे शेवटचं सांगताना काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रात्री मिकेलाला हे सांगितलं तर ती हसतच सुटली. घरात दहा हाका मारल्या तरी या माणसाला ऐकू येत नाही आणि याला ऐकण्याचा पगार, म्हणे!

८ मार्च
जेवण फिलिप्पामावशींकडे. हात सढळ, तोंड त्याहून सढळ. सणाचं दार ठोठावणं आमच्या गावीही असतं, पण इथे दारं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. पवित्र कुटुंबाचं, म्हणजे आसरा शोधणाऱ्या आईबाप-बाळाचं सोंग घेतलेली पोरं आधी पाद्रीबाबांच्या दारी जातात, मग तारघरावर, मग मावशींकडे. तीन टकटक. पहिल्या दोन दारांनी आतून सांगायचं, जागा नाही, पुढे जा. तिसरं दार उघडतं आणि सगळ्यांना पोटभर वाढतं.

म्हणजे दुसरं दार माझं. मावशींनी ताकीद दिली, "आवाज कडक काढ रे बाबा. मागच्याला दया यायची, पुटपुटायचा मेला, पोरं फिदीफिदी हसायची." नीन्फाला त्यांनी देवदूत केलंय, कागदाचे पंख खुंटीला टांगून तयार आहेत. नीन्फा फोनवरून टेबल वाजवून दाखवते. टक-टक, मग मोठा श्वास, मग टक. असंच का, विचारलं तर म्हणाली की श्वास घेतला नाही तर आतल्या माणसाला विचार करायला वेळ कसा मिळणार?

१२ मार्च
सकाळी साडेदहाला दक्षिणेच्या केबलीवर, अडतीस किलोमीटरवर, एक इंजिन ऐकू आलं. लहान होतं, खोकत होतं. मग बंद पडलं. मग तळव्यांनी बोटीचं लाकूड बडवल्याचा आवाज. आधी वेडावाकडा, खूप हातांचा, नंतर सगळे मिळून. तीन, थांबून तीन, थांबून तीन.

साहेबांना फोन केला. नांगर आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. जाळं? नाही. मग ते फार गोड आवाजात म्हणाले, "मग सावेरियो, तुम्हाला ऐकू काय आलं?" गेल्या वर्षी एकानं नको तिथे फोन केला, पोलीस आले, चौकश्या झाल्या, आठवडाभर काम ठप्प, असंही त्यांनी सांगितलं. माझ्या घराचा कागद समोरच आहे म्हणे, शुक्रवारी सही करतील.

मी म्हणालो, काही नाही ऐकलं.

कानावरचं यंत्र काढून कॉफी केली, दोन चमचे साखर घालून प्यायलो. चाळीस मिनिटांनी यंत्र लावलं तर सगळं शांत. लाज वाटते. कुणाला सांगणार? म्हणून इथे लिहितो.

१३ मार्च
बातम्यांत काही नाही. अडतीस किलोमीटरवर रेघ सारखी थरथरते आहे. खेकडे असतील.

१४ मार्च
बत्तीस किलोमीटर. खेकडे नाहीत. पाय आहेत. केबल पायवाट असावी तसे एकामागून एक, खूप जण, आणि कुणालाच घाई नाही.

कालोजेरोकाकांना गाठलं. हसत हसत विचारलं, की यंत्र कधी खोटं बोलतं का? त्यांनी जाळ्यावरची मान वर केली नाही. म्हणाले, "मी गेल्या वर्षी हेच ऐकलं. कळवलं. बावीस जण जिवंत आले, मावशीनं सगळ्यांना मसुरीचं सूप वाढलं, मला हाकललं. तू काय केलंस रे?" मी जाळ्याची एक गाठ चाचपत राहिलो. त्यांनी पाट उचलला आणि माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

आता निदान प्रेतं तरी शोधायला सांगावं का? पण मग आधी का नाही सांगितलं, हे विचारतील. घराच्या कागदावर सही झाली.

१६ मार्च
एकोणीस किलोमीटर. यंत्र बंद करून पाहिलं. बंद यंत्रातूनही येतं. कपाटातूनच येतं.

जेवण जात नाही. मावशी म्हणतात, बायकोची आठवण येतेय गड्याला.

१८ मार्च
सहा किलोमीटर.

मिकेलाला म्हटलं, उद्या येऊ नकोस, पुढच्या आठवड्यात ये. कारण विचारलं. काय सांगू? घर रंगवायचंय म्हणालो. ती म्हणाली, "मग मीच रंगवते, तुझ्या हातचा रंग बघितलाय मी." सामान बांधून झालंय, नीन्फा बूट घालून झोपणार आहे. नीन्फानं फोन ओढून घेतला, तू आतून कडक आवाजात नाही म्हण हं बाबा, पण हसू नकोस.

खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर बारा तारखेचंही सांगावं लागलं असतं. मला तिच्यासमोर तसला माणूस व्हायचं नव्हतं.

१९ मार्च, सकाळी ९.४०
शून्य.

अंगणातलं झाकण वाजलं. मग दारावर. तीन.

पोरं लवकर आली असतील. हो, पोरंच. मी खुर्चीवरूनच म्हणालो, कडक, मावशींनी शिकवलं तसं — जागा नाही, पुढे जा.

बाहेर कुणी हसलं नाही. बराच वेळ उभे होते. मग पावलं घराला वळसा घालून मागे गेली.

१०.१०
दार उघडून पाहिलं. ओल्या पावलांची रांग. दक्षिणेच्या झाकणापासून दारापर्यंत, दारापासून उत्तरेच्या झाकणापर्यंत. त्यात चपला एकाच्याही नाहीत.

गेले. सुटलो. देवा, सुटलो!

११.००
पोरं आत्ता आली. खरी. ही तालीम, खरं ठोठावणं दुपारी, नीन्फा आल्यावर. पाद्रीबाबांनी बाहेरून खूण केली, तेव्हा कसंबसं नाही म्हणालो. पोरं फिदीफिदी हसली.

११.३०
उत्तरेच्या केबलीवर पाय. चार किलोमीटर. आता चालत नाहीत. पळताहेत.

पुढे जा म्हणालो होतो. मीच म्हणालो होतो.

उत्तरेला पुढे काय आहे — बोट. सिसिलीहून साडेबाराला येणारी बोट —

११.५०
नऊ किलोमीटर. मिकेलाचा फोन लागत नाही.

बंदराच्या कचेरीत फोन केला, बोट परत फिरवा. कारकून म्हणाला, हवा छान आहे, समुद्र शांत आहे, तुम्ही ऐकलं काय नक्की? केबलीवरून माणसं पळताहेत म्हणालो. तो कुणाला तरी म्हणाला, "घ्या, तारघराला सकाळीच चढली." नोंदवहीत काही असेल तर वाचून दाखवा म्हणे.

नोंदवही कोरी आहे.

१२.०५
चौदा किलोमीटर. बोटीचं इंजिन ऐकू येतंय. मोठं, निरोगी. पाय तिच्या खाली थांबले.

इंजिन बंद.

१२.२०
बडवताहेत. बोटीच्या आतून. पोलाद आहे, आवाज घुमतो. कुणाचे हात कुठले, कळत नाही — कालोजेरोकाका माझी हाक ऐकून होडी घेऊन गेले, त्यांची होडी चौदा किलोमीटर जायला —

१२.४०
सगळ्यांत मागून, हळू. टक-टक. मोठा श्वास. टक.

आतल्या माणसाला विचार करायला वेळ.

नीन्फा मी ऐकतोय. मी ऐकतोय मी ऐकतोय

२.००
काही नाही. काका रिकामे परत आले. पाणी सपाट आहे म्हणाले. मावशींच्या दारी पानं मांडलेली, पंख खुंटीला.

४.१५
उत्तरेच्या केबलीवर पाय. परत येताहेत. आधीपेक्षा जास्त. सगळ्यांच्या पुढे दोन पाय लहान — बूट घातलेले — उड्या मारत —

५.२०
झाकण वाजलं.

बारा तारखेला गप्प बसून नाही म्हणालो. आज सकाळी तोंडानं. तिसऱ्यांदा उघडायचं असतं.

टक-टक.

टक.

दाराखालून पाणी आत येतंय. ती विचारते, बाबा, आता जागा आहे का? मी म्हणालो, आहे, बाळा, आहे. तिच्यामागून सगळ्यांनी एकदम विचारलं, आम्हालाही? आणि त्यांत मिकेलाचा आवाज — कडी काढली, मी —